छोट्या बँडमध्ये बॅरिटोन गिटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बँड तिघांचा. एक गाणारी, एक तबला-काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) सांभाळणारा आणि तिसरा मी. दादरपासून बोरिवलीपर्यंत छोट्या कार्यक्रमांत मी बॅरिटोन वाजवतो आणि शेवटी वायरी गुंडाळताना कुणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "दादा, ही गिटार एवढी लांब का?" पुढचे प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवतोय.

एक खुलासा आधीच. आपल्याकडे 'स्केल' म्हणजे गायकाची पट्टी, काळी एक की पांढरी चार ती. गिटारवाले मात्र नटपासून (खुंट्यांकडचा खाचांचा तुकडा) ब्रिजपर्यंतच्या (पोटावर तारा जिथे टेकतात तो) तारेच्या लांबीलाही स्केलच म्हणतात. एकदा दुकानात मी "स्केल किती?" विचारलं आणि उत्तर आलं, "कुठलाही वाजेल, साहेब." म्हणून खाली पट्टी म्हणजे पट्टी आणि लांबी म्हणजे लांबी.

१. बॅरिटोन गिटार म्हणजे नक्की काय? साधी गिटार सैल केली की झालं ना?

तारा सहाच आणि त्यांचं एकमेकींशी नातंही तेच, फक्त अख्खी गिटार खाली उतरवलेली. साध्या गिटारवर एखाद्या जागी सा वाजत असेल, तर बॅरिटोनवर त्याच जागी मंद्र पंचम वाजतो. हे बी ट्यूनिंग : जाड तारेपासून बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी. काही जण आणखी खाली, मंद्र मध्यमावर ठेवतात. ते ए ट्यूनिंग : ए, डी, जी, सी, ई, ए.

नुसती सैल केली तर काय होतं? तारेतला ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्याच तारा पंचमापर्यंत उतरवल्या की ताण जवळपास ५६ टक्क्यांवर येतो. तार लोंबते, फ्रेटवर (मानेवरच्या पडद्यांवर) खडखडते आणि जोरात पिक मारला की आधी स्वर चढतो, मग खाली येऊन बसतो. म्हणून बॅरिटोनमध्ये दोन गोष्टी एकदम बदलतात. तारा जाड होतात आणि लांबी वाढते. फेंडर पद्धतीच्या गिटारची लांबी २५.५ इंच असते, गिब्सन पद्धतीची २४.७५ च्या आसपास. बॅरिटोन साधारण २७ ते ३० इंचांत सापडते. ताण लांबीच्याही वर्गाने वाढतो, त्यामुळे दीड इंच वाढला तरी हाताला फरक लगेच कळतो.

२. मग सात तारांची गिटार किंवा 'बेस सिक्स' यांच्यात आणि हिच्यात फरक काय?

सात तारांच्या गिटारमध्ये नेहमीच्या सहा तारा जागच्या जागी राहतात आणि खाली एक बी जोडली जाते. खालचा पल्ला तोच, पण हाताची सवय आणि मानेची रुंदी वेगळी. बेस सिक्स मात्र गिटारपेक्षा पूर्ण सप्तक खाली, म्हणजे बेसच्याच स्वरांत असते. फेंडरने ती १९६१ मध्ये ३० इंच लांबीत आणली. त्याआधी १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रोने सहा तारांचा बेस बाजारात आणला होता. बॅरिटोन साधी गिटार आणि बेस सिक्स यांच्या मधली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर खर्ज आणि नर सुरांच्या मध्ये कुठेतरी.

३. आमच्याकडे बेस वाजवणारा नाही. बॅरिटोन घेतली तर प्रश्न सुटेल का?

सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. सुटतो, पण अर्धाच.

आधी आकडे. बेसची सर्वात खालची ई साधारण ४१ हर्ट्झची. बॅरिटोनची बी जवळपास ६२ हर्ट्झची, म्हणजे बेसच्या ए तारेवरचा दुसरा फ्रेट. ए ट्यूनिंग ठेवलंत तर ५५ हर्ट्झ, बेसची मोकळी ए तार. थोडक्यात, बेसचा सगळ्यात खालचा मजला तुमच्याकडे नाही. ढोल-ताशासारखं छातीत काही हललं पाहिजे अशी अपेक्षा असेल, तर ते बॅरिटोनकडून होणार नाही.

पण तीस-चाळीस माणसं बसलेल्या खोलीत, गाणं आणि ठेका सोबत असताना, ऐकणाऱ्याला फक्त "खाली कुणीतरी आहे" एवढंच हवं असतं. ते काम ती झकास करते. अट एक : अंगठा खालचा आधार धरणार आणि बोटं वर मोजकं काहीतरी करणार. सहाही तारा एकदम झोडपल्या की तो आधार नाहीसा होतो आणि उरतो नुसता घूं घूं आवाज. माझी पद्धत अशी. समेवर खालचा सा, मध्ये एकदा खालचा पंचम, आणि वरच्या तीन तारांवर दोन किंवा तीन स्वरांची कॉर्ड. भजनी ठेक्यात एवढं पुरतं. त्याहून जास्त वाजवायचा मोह होतो, मलाही होतो, आणि दरवेळी गाणारी मान वळवून बघते.

गिटारवर एकाच माणसाने बेस आणि कॉर्ड दोन्ही धरायचे असतील, तर तो माणूस सोलो वाजवू शकत नाही. त्याने सोलो घेतला की खालचा मजला कोसळतो. सोलो पेटीला द्या, बासरीला द्या, नाहीतर त्या वेळी लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारं पेडल) वापरा.

४. बेस आहे, एक साधी गिटारही आहे. तिसरी बॅरिटोन कुठे घुसवू?

घुसवू नका. जागा करा, आणि ती जागा दुसऱ्या कुणालातरी सोडावी लागेल. आमच्या आधीच्या चौघांच्या बँडमध्ये हाच घोळ झाला होता. मी नवीन बॅरिटोन घेऊन हौसेने आलो, बेसवाल्याने आवाज वाढवला, मग मी वाढवला, आणि गाण्याचे शब्द कुणालाच ऐकू येईनात. सरावाची दोन सत्रं त्यात गेली.

बसवायच्या तीन पद्धती मला माहीत आहेत. पहिली : बॅरिटोनने खालच्या दोन तारांना हातच लावायचा नाही. वरच्या चार तारांवर वाजवायचं. तिथे ती साध्या गिटारच्याच स्वरांत असते, पण तारा जाड आणि लांब, त्यामुळे आवाजाला वेगळं वजन येतं. दुसरी : साध्या गिटारने कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावून वर जायचं आणि मधला सगळा भाग बॅरिटोनला द्यायचा. तिसरी जुनी, अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये रुळलेली : बेस जी ओळ वाजवतो तीच वरच्या सप्तकात, तळहाताने तारा दाबून, पिकने टक टक अशी वाजवायची. तिथे तिला 'टिक-टॅक' म्हणायचे. बेसच्या गोल आवाजाला त्याने धार येते. छोट्या स्पीकरवर तर बेसची ओळ केवळ यामुळेच कळते. मला ही तिसरी पद्धत सर्वात आवडते आणि सर्वात कमी लोक ती वापरतात, कारण त्यात गिटारवाल्याला मिरवायला काही मिळत नाही.

५. कॉर्ड नव्याने शिकाव्या लागतील का?

नाही. बोटांचे आकार तेच, ऐकू येणारं वेगळं. बी ट्यूनिंगमध्ये जीचा आकार धरला की डी वाजते, सीचा धरला की जी, डीचा धरला की ए, ए मायनरचा धरला की ई मायनर. उलट हिशोब हवा असेल तर : बँड जीमध्ये असेल तर तुम्ही सीचा आकार धरायचा. ए ट्यूनिंगमध्ये तोच जी हवा असेल तर डीचा आकार.

गोंधळ होतो तो बोलण्यात. कीबोर्डवाला विचारतो "कुठली कॉर्ड?" आणि तुम्ही आकाराचं नाव सांगून टाकता. नियम करा : बँडमध्ये नेहमी ऐकू येणाऱ्या स्वराचंच नाव घ्यायचं. आम्ही तर सरळ काळी-पांढरीत बोलतो. गायिका, पेटीवाला, तबलजी, सगळ्यांना ते कळतं आणि आकाराचा प्रश्नच येत नाही.

६. आमचा गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चारमध्ये. बॅरिटोन दोघांना चालेल?

चालेल, पण फायदा दोघांना सारखा नाही.

साध्या गिटारचा सर्वात खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. त्यामुळे पांढरी सात ते काळी दोन या पट्ट्यांमध्ये साध्या गिटारकडे खालचा सा नसतोच, ती तो वरच्या सप्तकात वाजवते. बॅरिटोनची बी तार म्हणजे पांढरी सात. इथून काळी दोनपर्यंतच्या पट्ट्यांना ती चक्क एक सप्तक खालचा सा देते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकासोबत दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा, ईचा आकार धरा, आणि साधारण ६९ हर्ट्झचा सा मिळेल. साधी गिटार त्याच पट्टीत १३९ वर असते. फरक डोळे मिटून कळतो.

काळी चारमध्ये मात्र खालचा सा साध्या गिटारवरही आहे, चौथ्या फ्रेटवर. तिथे बॅरिटोन त्याच्याखालचा पंचम तेवढा जास्तीचा देते. पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचा आकार, हे सोपं पडतं. गायिका काळी पाचवाली असेल, तर ए ट्यूनिंग आणि पहिला फ्रेट हा जास्त चांगला सौदा : खालचा सा ५८ हर्ट्झवर मिळतो.

कॅपोबद्दल एक : साध्या गिटारच्या स्प्रिंगवाल्या कॅपोला जाड तार नीट दाबता येत नाही, जाड तार झणझणते किंवा चढते. स्क्रूने आवळायचा कॅपो घ्या आणि लावल्यावर खालची तार परत एकदा ट्यूनरवर बघा.

७. बी ट्यूनिंग की ए?

२७ इंचांची असेल तर बी. २९-३० इंचांची असेल तर दोन्ही चालतील, पट्टी बघून ठरवा (प्रश्न ६). बारमाही बदलत राहू नका. दरवेळी मान हलते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) हलते.

८. घरी छान वाजते, बँडमध्ये सगळं गढूळ होतं. का?

कारण खाली गंधार नको. सा आणि ग एकमेकांना चिकटून खालच्या तारांवर वाजले की त्यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप वाजणारे वरचे स्वर) एकमेकांच्या अंगावर येतात. साध्या गिटारवर तेच अंतर एवढं जाणवत नाही, कारण ते वर असतं. म्हणून साध्या गिटारवरची सहा तारांची बार कॉर्ड उचलून इथे आणली की चिखल होतो.

उपाय : खाली फक्त सा आणि प, गंधार एक सप्तक वर. म्हणजे जाड तारेवर सा, मधली एक तार सोडून पंचम किंवा वरचा सा, आणि पातळ तारांवर ग. तीन स्वर पुरतात. तानपुऱ्यात गंधार लावत नाहीत, तो आपोआप ऐकू येतो. तसंच इथे. जाड तारा वाजवून झाल्यावर तळहाताने थांबवायची सवयही लावा. त्या आपणहून थांबत नाहीत आणि पुढची कॉर्ड मागच्या कॉर्डवर जाऊन बसते.

९. तबला किंवा पखवाज असेल तर जमतं का?

जमतं, पण इथे मी सर्वात जास्त चुकलोय.

डग्ग्याचा घुमारा आणि बॅरिटोनच्या खालच्या तारा एकाच वस्तीत राहतात. तबलजी मनगटाने डग्ग्यावर मींड काढतो, तो स्वर वर-खाली होतो, आणि त्याच क्षणी तुमचा खालचा सा सरळ उभा असेल तर त्याची मींड मरते. चूक तुमची असते, पण वाटतं त्याने नीट वाजवलं नाही. तबल्याच्या डग्ग्याला बोलू द्यायचं असेल तर खालचा स्वर समेवर द्या आणि पटकन आवरा. तो लांबवू नका. मधल्या ओळीत वरच राहा.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्याचा आवाज भरदार आणि लांब. अभंगात पखवाज असेल तर मी खालच्या दोन तारा जवळपास विसरून जातो. ढोलकी असेल तर उलट. ढोलकीचा तोरा वरच्या टणत्कारात, तिला खालून आधार मिळाला की ती खुलते. काहोनबरोबर काही अडचण नाही, फक्त त्याच्या मधल्या थापेच्या अगदी बरोबर तुमचा अंगठा पडला पाहिजे.

तबल्याचा उजवा गायकाच्या सा ला लावलेला असतो हे लक्षात ठेवा. मधूनच कॅपो सरकवून पट्टी बदलायचं ठरवलंत तर तबलजीला हातोडी घ्यायला वेळ द्या.

१०. पेटी आणि बॅरिटोन बेसूर वाटतात. कुणी बदलायचं?

तुम्ही. पेटी कार्यक्रमात लावता येत नाही, गिटार येते. काही जुन्या पेट्यांची पांढरी सहा ठरलेल्या ४४० हर्ट्झवर नसते. ट्यूनरचा संदर्भ त्या पेटीच्या पांढरी सहाशी जुळवा आणि मग सगळ्या तारा लावा. पेटीवाल्याला एवढं सांगा की खर्जाचे सूर बंद ठेव, नाहीतर तो आणि तुम्ही एकाच खड्ड्यात.

११. तारा मुंबईत मिळतात का? एक तुटली तर काय?

धोबी तलावच्या फुर्ताडोजसारख्या मोठ्या दुकानांत विचारा, ऑनलाइनही मिळतात. पण बॅरिटोनचा खास सेट दरवेळी शेल्फवर असेलच असं नाही. म्हणून दोन सेट घरात ठेवा. सामान्यतः ०.०१४ ते ०.०६८ इंच किंवा ०.०१३ ते ०.०७२ इंच असे सेट येतात.

अडल्या वेळी हा जुगाड : सात तारांच्या गिटारचा सेट घ्या आणि सर्वात पातळ तार बाजूला ठेवा. उरलेल्या सहा जवळपास बी ट्यूनिंगच्याच असतात, फक्त जी तार एक अर्धस्वर उतरवून एफ शार्प करायची. सेट जाड घ्या, ०.०११ पासून सुरू होणारा. तुमची गिटार ३० इंचांची असेल तर तारेची लांबी पुरते का ते आधी बघा. गुंडाळलेला जाड भाग नटच्या पलीकडे पोचायला हवा, नाहीतर तार खुंटीपर्यंत येता येता पातळ होते.

सर्वात जाड तार क्वचितच तुटते. पातळ तार साध्या गिटारच्या सेटमधून काढून वेळ मारून नेता येते.

१२. नवीन गिटार परवडत नाही. जुन्यावर जाड तारा टाकू?

टाका. पुरेशा जाड तारा घेतल्यात तर २५.५ इंचांवर बी ट्यूनिंग होतं. तीच तार, तोच स्वर, लांबी २७ वरून २५.५ केली की ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो, २४.७५ वर १६ टक्क्यांनी. वाजतं. पण आखूड लांबीवर जाड तार काठीसारखी वागते, वरच्या फ्रेटवर स्वर चढतो आणि आवाजात ती घंटेसारखी स्पष्टता येत नाही.

आणि नुसत्या तारा बदलून भागत नाही. नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात, ब्रिजवर इन्टोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर येणं) लावावं लागतं, ट्रस रॉड (मानेतला धातूचा दांडा) बघावा लागतो. हे स्वतः करू नका. नटची खाच एकदा खोल गेली की गेली. वापरून पाहायला म्हणून हा मार्ग उत्तम. सहा महिन्यांनी अजूनही ओढ वाटली तर खरी घ्या.

१३. बेसचा ॲम्प लागेल का?

लागत नाही. गिटारचा ॲम्प ८० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही हे खरं, पण बॅरिटोनच्या खालच्या स्वराची ओळख आपल्याला मूळ कंपनापेक्षा त्याच्या उपस्वरांवरून जास्त पटते. १२ इंची स्पीकर असेल तर बरं. बेसचा नॉब कमी करा, वाढवू नका. हे ऐकून लोक हसतात, पण करून बघा. बेस वाजवणारा नसेल (प्रश्न ३), तर डीआयमधून (गिटार थेट मिक्सरला जोडणारी डबी) सरळ मिक्सरमध्ये जाणं सर्वात सोपं.

१४. डिस्टॉर्शन?

डिस्टॉर्शनच्या पेडलच्या आधी आवाजातला बेस कापा, नंतर नाही. नंतर कापलात तर चिखलच गाळत बसाल.

१५. साउंडवाला आमचा आवाज पातळ करतो. काय सांगू?

तो वाईट नाही, त्याला सवय आहे. गिटारचा चॅनेल दिसला की तो लो-कटचं (खालचे स्वर कापणारं) बटण दाबतो. बऱ्याच मिक्सरवर ते ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास काम करतं आणि त्यात तुमची खालची तार जाते. साउंडचेकला आधी खालची मोकळी तार वाजवून दाखवा आणि म्हणा, "दादा, ही बॅरिटोन आहे, लो-कट काढा, पण दोनशे-तीनशेच्या आसपास थोडं कमी करा." दुसरा भाग महत्त्वाचा. बॅरिटोनचा चिखल बहुतेक वेळा तिथेच असतो आणि पुरुष गायकाचा आवाजही तिथेच. गणपतीच्या मंडपात हे सगळं विसरा. तिथे जे मिळेल ते घ्या.

१६. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर बॅरिटोन ऐकूच येत नाही!

मोबाइलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास वाजवतच नाही. हेडफोन लावून ऐका, मग ठरवा. रीलसाठी रेकॉर्ड करत असाल तर पिक ब्रिजजवळ वाजवा आणि अगदी थोडं ओव्हरड्राइव्ह घ्या. त्याने वरचे उपस्वर वाढतात आणि कान खालचा स्वर आपणहून भरून काढतो.

१७. हात लहान आहेत. झेपेल?

पहिल्या फ्रेटची रुंदी २५.५ इंचांवर सुमारे ३६ मिलिमीटर, २७ इंचांवर ३८.५, ३० इंचांवर जवळपास ४३. म्हणजे २७ वाली बहुतेकांना झेपते. ३० वर पहिल्या तीन फ्रेटमध्ये ताणलेल्या कॉर्ड टाळा, नाहीतर कॅपो लावा. मनगट दुखलं तर थांबा. मानेच्या बाजूने ती खाली झुकते, म्हणून नायलॉनच्या निसरड्या पट्ट्याऐवजी रुंद चामड्याचा किंवा खरबरीत पट्टा वापरा.

१८. लोकलमध्ये नेता येते का?

येते, संध्याकाळी सहाची विरार फास्ट सोडून. साध्या गिटारच्या बॅगेत २७ इंचांची बहुतेक वेळा बसते, ३० इंचांना बेसची बॅग लागते. पाठीवर घेतली तर बॅगेचं टोक डोक्याच्या वर जातं आणि दारात अडकतं. म्हणून चढताना पुढे धरा, मान खाली. रॅकवर ठेवायची असेल तर खुंट्यांची बाजू भिंतीकडे. दादरला उतरायचं असेल तर माटुंग्याला नव्हे, माहीमलाच उठा.

१९. पावसाळ्यात काय करावं?

जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि मान हलते. बॅरिटोनच्या तारांचा एकूण ताण साध्या गिटारपेक्षा जास्त असू शकतो, म्हणून ते लवकर दिसतं. जूनच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा सेटिंग करून घ्या. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदला. दोन वर्षांपूर्वीची पुडी म्हणजे नुसती सजावट. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा. बॅरिटोनच्या तारा महाग, आणि गंज सगळ्यात आधी पातळ तारांवर येतो.

भिंतीला टांगली असेल तर ती भिंत बाहेरची नसावी. ओल आलेल्या भिंतीवर टांगलेली एक गिटार मी पाहिली आहे. मागच्या बाजूला बुरशीचा नकाशा होता.

२०. सोसायटीत सराव कसा करू? शेजारी तक्रार करतात.

खालचे स्वर भिंतीतून वरच्यांपेक्षा सहज जातात, त्यामुळे तुम्हाला हळू वाटतं आणि खालच्या मजल्यावर ते घुमतं. ॲम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा फोमवर ठेवा. हेडफोन सर्वात बरा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. पण खरं सांगू, शेजारच्या काकूंना डेसिबल नाही, वेळ कळते. दुपारी दोन ते चार कधीच वाजवू नका.

२१. अभंगासाठी तानपुऱ्यासारखी लावता येते का?

येते, आणि मला वाटतं बॅरिटोनचं सर्वात सुंदर रूप हेच. बी ट्यूनिंगमधून फक्त तीन तारा एक-एक पूर्ण स्वर उतरवायच्या : सर्वात जाड बी ए करायची, एफ शार्पची ई करायची, आणि सर्वात पातळ बी ए. झालं ए, ई, ए, डी, ई, ए. सा पांढरी सहा धरला तर सा प सा म प सा. मोकळ्या तारा छेडल्या की स्वरांचं कोंदण तयार. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक. मध्यमाची तार रागात बसत नसेल तर ती वाजवू नका किंवा तिच्या दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवा. तिथे पंचम मिळतो.

२२. गायिका काळी चारमध्ये गाते, पण मला खालचा सा हवाच आहे. काही मार्ग?

अपवादाचा प्रश्न. ए ट्यूनिंगवाल्या २९-३० इंची गिटारवर जाड तार आणखी एक अर्धस्वर उतरवून जी शार्प करा. ५२ हर्ट्झ मिळतात. जाड तार ०.०७२ च्या आसपास हवी, नाहीतर लोंबेल. बाकीच्या पाच तारा जशा होत्या तशाच ठेवा आणि ती तार फक्त सा म्हणून, समेवर, वापरा. २७ इंचांवर हे करू नका. मी करून बघितलं, तार माझ्याकडे बघून हसली.

२३. कधी बॅरिटोन वाजवूच नये?

बँडमध्ये बेस, पेटीचा खर्ज आणि पखवाज तिन्ही असतील तेव्हा. गाणं जलद असेल आणि कॉर्ड दर दोन मात्रांना बदलत असतील तेव्हा. लावणीत, जिथे सगळा खेळ वरच्या बाजूला आहे. आणि गायकाला त्या दिवशी सर्दी असेल आणि त्याने ऐनवेळी पट्टी काळी एकवरून पांढरी पाच केली तर साधी गिटार उचला. बॅगेत दोन्ही नेणं शक्य नसतं, म्हणून मी निघण्याआधी आमच्या गाणारीला फोन करून घसा कसा आहे ते विचारतो.